टायर मोठे झाले आणि चोरी सुरू झाली

मी उभा जन्म मोटारींचे मीटर दुरुस्त करण्यात घालवला. त्यात मीटर खरा करून घ्यायला म्हणून आलेली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यातलीही एकदोन उरतील. बाकी सगळे आले ते मीटर आपल्या सोयीचा करून घ्यायला. मालक जेव्हा म्हणतो, ‘मीटर बिघडलाय’, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की मीटर त्याचं ऐकत नाही.

आम्ही जातीचे तांबट. वडिलांचा हातोडा सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्या ठणठणाटाला कंटाळून मी घड्याळं दुरुस्त करायला शिकलो, आणि जागा मिळाली ती नेमकी भांडी बाजाराच्या तोंडाशी. म्हणजे ठणठणाट काही सुटला नाही, फक्त तो आपल्या घरचा राहिला नाही. एकोणीसशे तीसनंतरच्या सालांत नाशकात लॉऱ्या आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारी वाढल्या, तेव्हा गावातले मेस्त्री एंजिन उलटंपालटं करायला भीत नसत. पण मीटर उघडला की आत केसासारखी बारीक स्प्रिंग दिसायची, अगदी घड्याळात असते तशी. ती पाहिली की त्यांचे हात आपोआप खिशात जायचे आणि गाडी माझ्याकडे यायची. मी मोटारीच्या धंद्यात शिरलो तो असा, मेस्त्र्यांच्या भीतीमुळे.

ज्यांनी मीटर कधी आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मीटर रस्ता मोजत नाही. त्याला रस्ता दिसतच नाही, तो काचेमागं बसलेला असतो. तो चाकाचे फेरे मोजतो. गिअरपेटीपाशी बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. गाडीचं चाक फिरलं की पिनियन फिरतं, पिनियन एक लांब तार फिरवतं, आणि तार मीटरमध्ये जाऊन काटा हलवते आणि मैलांचे आकडे पुढं ढकलते. इतक्या फेऱ्यांना एक मैल, हे कारखान्यातून ठरवून दिलेलं असतं. आता त्याच गाडीला कोणी मोठे टायर चढवले, तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. मैल तोच, फेरे कमी. मीटर बिचारा फेरे मोजून सांगतो, की गाडी कमी चालली. उंच नवरा आणि ठेंगणी बायको बरोबरीनं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेली तर नवऱ्याची पावलं कमी पडतात, म्हणून काही तो अर्ध्या वाटेतून परत आला असं होत नाही. उपाय सोपा आहे. कमी दात्यांचं पिनियन बसवायचं, म्हणजे तार जास्त फिरते आणि हिशेब जुळतो. हे मी आयुष्यात शेकडो जणांना समजावलं. उंच नवऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू. त्र्यंबकच्या रस्त्यावर गाडी चालवणारा एक मालक म्हणाला, काटा चाळीसवर दिसला पाहिजे, गाडी पंचविसानं गेली तरी चालेल. उतारूंना वेग वाटला पाहिजे. मी म्हटलं, मग उतारू लवकर पोचले नाहीत तर? तो म्हणाला, देवाला जाणारी माणसं, त्यांना कुठं घाई असते. दुसरे एक वकील. त्यांना आपली मोटार साडूला विकायची होती, आणि त्याआधी तिचे बरेचसे मैल पुसून तिला तरुण करायचं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. पुढं तोच साडू तीच मोटार घेऊन माझ्या दुकानात आला. म्हणाला, ही एका मित्राला विकायचीय, जरा आकडा मागं घेऊन द्या. नात्यागोत्यात विश्वास असावा तो असा.

पण मला सांगायचं आहे ते भिकाशेठच्या लॉरीचं.

भिकाशेठची पंचवटीकडे लाकडाची वखार होती. पेठ आणि हरसूलच्या रानातून सागाचे ओंडके, जळाऊ लाकूड आणि गवत असा माल त्यांची लॉरी आणायची. लॉरीवर ड्रायव्हर होता कासम. कोकणीपुऱ्यात राहायचा. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. पेठच्या वाटेवरचा सावळघाट तो अशा बेतानं उतरवायचा की मागं ओंडक्यांवर बसलेले मजूर झोपलेले असायचे. बैलगाड्या होत्या तेव्हापासून तो शेठकडे होता. बैल गेले, लॉरी आली, कासम तोच राहिला.

शेठला एक वर्षी वाटलं, की लॉरी खड्ड्यात बसते आणि माल कमी येतो. कोणीतरी सांगितलं, मोठे टायर चढवा. शेठनी चढवले. जुन्यापेक्षा चांगले चार बोटं उंच. लॉरी दिसायला झोकदार झाली, माल जास्त येऊ लागला, शेठनी टायरांना हार घातला. सगळं उत्तम चाललं होतं. फक्त दर दहा मैलांमागं मीटर जवळपास एक मैल गिळू लागला, आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

शेठ पेट्रोल स्वतःच्या हातानं मोजून द्यायचे. किती पेट्रोलला किती मैल, हे त्यांना तोंडपाठ. टायर बदलल्यापासून पेट्रोल तेवढंच लागायचं आणि मैल कमी भरायचे. शेठनी टायरांकडे पाहिलं नाही, मीटरकडे पाहिलं नाही, सरळ कासमकडे पाहिलं. आधी टाकीच्या झाकणाला लाखेची मोहोर लावली. मोहोर शाबूत परत आली तरी मैल कमीच. मग शेठनी चारचौघांत वखारीत विचारलं, की पेट्रोल कुठं विकतोस. कासमनं नाही म्हटल्यावर म्हणाले, गंगेत उभा राहून शपथ घे.

त्यावर कासम जे बोलला ते मला त्यानं स्वतः सांगितलं, आणि वखारीतल्या दोघांनीही तसंच सांगितलं.

“तुमच्या गंगेची शपथ घेतली तर तुम्ही म्हणाल, ती याला लागत नाही. माझ्या कुराणाची घेतली तर म्हणाल, ती आम्हाला कळत नाही. त्यापेक्षा मोजा.”

दसऱ्यापर्यंत मैल भरून दाखव, नाहीतर लॉरी सुरू करायचं हँडल खाली ठेव, असं शेठनी बजावलं. ड्रायव्हरच्या धंद्यात नोकरी जाणं फार मोठं नाही, एक मालक गेला तर दुसरा मिळतो. पण पेट्रोलचोर हे नाव एकदा चिकटलं की नाशिकपासून मालेगावपर्यंत कोणी लॉरी हातात देत नाही. कासमला हे ठाऊक होतं. तो लॉरी घेऊन माझ्या दुकानासमोर आला, बाजाराची वाट अडली, लोक ओरडू लागले, तरी तो उतरून शांतपणे म्हणाला, “तात्या, मी चोर नाही. पण मीटर म्हणतोय, आहे. तुम्ही त्याला विचारून बघा.”

मी टायर पाहिले आणि मला हसू आलं. सगळं त्या चार बोटांत होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. माझा अंदाज पुढं कधी इतका चुकला नाही.

मी वखारीत गेलो. शेठचा जुना टायर तिथंच पडलेला होता. नव्या टायरावर आणि जुन्या टायरावर चुन्याची एकेक खूण केली, दोन्ही जमिनीवरून एकेक फेरा लोळवले आणि जिथं खुणा उमटल्या तिथं खुंट्या मारल्या. नव्या टायराची खुंटी चांगली वीतभर पुढं. शेठनी खाली वाकून पाहिलं, बोटांनी अंतर मोजलं आणि मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं. शेठ म्हणाले, “बरोबर आहे. टायर मोठा, म्हणजे गाडी जास्त चालते. मग मैल जास्त भरायला पाहिजेत. कमी कसे?” मी उंच नवऱ्याची गोष्ट सांगितली. शेठ स्वतः ठेंगणे होते, शेठाणी उंच. ती गोष्ट त्यांना आवडली नाही.

तरी पिनियन बदलायला ते तयार झाले. मुंबईहून मागवायचं तर दसरा उलटून गेला असता. म्हणून मी पितळेचा तुकडा घेऊन कानशीनं घरीच एकेक दाता पाडला. आमच्या सात पिढ्यांनी तांब्यापितळेवर ठोकाठोक केली, पण इतकं बारीक काम कोणी केलं नसेल, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. पिनियन बसवलं आणि पेठच्या रस्त्याला लागलो. गाडी चालवायला कासम, मध्ये मी, कडेला शेठ.

मीटर तपासायची रीत म्हणजे मैलाचे दगड. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मीटरवर बरोबर एक मैल पडला पाहिजे. पहिले काही मैल असे चोख पडले की कासम पहिल्यांदाच हसला. शेठना ते पाहवलं नाही. ते म्हणाले, तुम्ही निवडलेले मैल नकोत, मी सांगतो तो मैल मोजा. पुढच्या एका पाड्याजवळ गाडी थांबवून त्यांनी तिथला दगड दाखवला. म्हणाले, हा खात्रीचा आहे. दरवेळी मी इथं नारळ फोडतो.

मी दगड पाहिला. शेंदूर लावून लावून त्याचा अंकही दिसत नव्हता. पुढं चांदीचे डोळे, वर चिंचेची सावली. रस्त्यापासून जरा आत, पारावर बसवलेला. मागच्या दगडापासून इथवर मीटरवर मैल भरलाच नव्हता, चांगला फर्लांगभर कमी होता. शेठनी माझ्याकडे बघितलं ते, चोराला मुद्देमालासकट धरल्यावर बघतात तसं.

पारावर एक म्हातारा बसला होता. मी त्याला विचारलं, बाबा, हा देव पहिल्यापासून इथंच आहे का?

“नाय,” तो म्हणाला. “आधी तिकडं फुडं व्हता, रस्त्याच्या कडंला. उन्हात लय तापायचा. मंग आमी उचलून सावलीला आनला. तवापासून पाऊस बरा हाय.”

सरकारनं लावलेला मैलाचा दगड गावानं देव केला होता, आणि देवाला ऊन लागू नये म्हणून तो मागं सावलीत आणला होता. सरकारी मैल देवाच्या सोयीसाठी आखूड झाला होता. मी शेठना म्हटलं, हा मैल जेवढा कमी, तेवढाच पुढचा मैल जास्त भरेल, आपण दोन्ही मिळून मोजू. शेठनी चपला काढून देवाला हात जोडले आणि मग मला म्हणाले, “देव खोटा की तुमचा मीटर खोटा, ते एकदा ठरवा.” पुढचा मैल मोजायला त्यांनी नकार दिला. त्या मैलात देव नव्हता.

शेवटी असं ठरलं, की दगड राहू देत, नाशिक ते पेठ आणि परत अशी पूर्वीसारखीच खेप करायची आणि पेट्रोलाला मैल किती पडतात ते बघायचं. कासमनं खेप केली. मोहोर शाबूत, मैल चोख. टायर बदलायच्या आधी जेवढे पडायचे तेवढेच. मी वखारीत गेलो तो पेढ्यांची अपेक्षा करीत. तिथं शेठ दहा माणसांत सांगत होते, “बघा, घड्याळजींनी हात घातला आणि चोरी बंद झाली. आता कसे मैल भरले? म्हणजे मधले महिने हा चोरत होता.”

मी कासमला निर्दोष ठरवायला गेलो होतो आणि माझं पितळेचं पिनियन त्याच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभं राहिलं होतं. आजूबाजूचे सगळे मान डोलावत होते. तर्क तसा बिनतोडच होता.

कासम मात्र जागचा हलला नाही. तो मला म्हणाला, “तात्या, ते पिनियन काढा. जुनं बसवा. आणि शेठला गाडीत बसवा. पेट्रोल त्यांनीच भरावं, पेठपर्यंत आणि परत त्यांनी झाकणावरून नजर काढू नये. मग मैल किती पडतात ते बघू.”

इतका साधा आणि इतका चोख उपाय मला सुचला नव्हता, याची मला तेव्हाही लाज वाटली. शेठनी आव्हान घेतलं. मी जुनं पिनियन बसवलं. शेठ दशम्या बांधून निघाले. वाटेत कुठं उतरले नाहीत, कासमलाही उतरू दिलं नाही, पेठला माल भरताना टाकीला टेकून उभे राहिले. परत आले तेव्हा धुळीनं पांढरे झाले होते आणि घाट उतरताना पाठ दुखावली होती. वखारीत सगळी मंडळी जमली. मीटर पाहिला. मैल कमी. अगदी पूर्वीसारखे कमी, जेवढ्यावरून कासमला चोर ठरवला होता तेवढेच.

मुनीमसुद्धा शेठकडे बघू लागले. आता एकच गोष्ट म्हणायची बाकी होती, आणि ती शेठनी म्हणायची होती.

शेठनी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. मग हळू आवाजात, जवळजवळ कौतुकानं म्हणाले, “माझ्यादेखत चोरलंन्. काय हात आहे!”

कोणी हसलं नाही. मीही नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मी पुढं होऊन काहीतरी तावातावानं बोलू लागलो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाले, की घड्याळजी, तुमचं ते पितळी घरी न्या. हे जुनंच राहू द्या. यानं चोर सापडतो.

कासमनं लॉरीतून आपलं घोंगडं आणि चहाचा डबा काढला. हँडल शेठच्या गादीपुढं नीट आडवं ठेवलं आणि निघाला. त्या दसऱ्याला लॉरीची पूजा झाली, झेंडूचे हार पडले, आणि त्या टायरांनाही पडले. माझा इतका संताप क्वचितच झाला असेल, आणि तो मी कुठंही बोलून दाखवला नाही. बाजारात उभं राहून ओरडायला हवं होतं, असं मला म्हातारपणी वाटतं. तेव्हा वाटलं, शेठसारखं गिऱ्हाईक तुटेल.

कासमला कोणी लॉरी दिली नाही. तो स्टेशनापासून पंचवटीपर्यंत टांगा चालवू लागला. एकदा मी त्याच्या टांग्यात बसलो तर म्हणाला, “बरं आहे तात्या. घोड्याला मीटर नसतो.” त्यानं भाडं घेतलं नाही. मी बळजबरीनं हातात कोंबलं.

शेठकडे पुढं एक ड्रायव्हर आला, तो दोन महिन्यांत चोर निघाला. त्यानंतरचाही चोर निघाला. तिसऱ्यानं कानाला खडा लावला आणि आपण होऊनच सोडून गेला. सगळ्या नाशकात ड्रायव्हर म्हणून एकही प्रामाणिक माणूस उरलेला नाही, असं शेठ सांगत फिरायचे. मग त्यांनी आपल्या मेव्हण्याला लॉरीवर बसवलं. शेठाणीचा धाकटा भाऊ, बरेच दिवस नुसताच बसून होता. त्याला गाडी शिकवली, टोपी घेऊन दिली. आणि महिन्याभरात शेठ माझ्या दुकानाची पायरी चढून आले.

आल्याआल्या त्यांनी उंच नवऱ्याची गोष्ट मला समजावून सांगितली. अगदी चुन्याच्या खुणेसकट. टायर मोठा, फेरे कमी, म्हणून मैल कमी दिसतात. यात माणसाचा काय दोष. म्हणाले, ते तुमचं पितळी पिनियन आहे ना, ते लगेच बसवा, विनाकारण एखाद्यावर आळ येतो. मी बसवलं. पिनियन खरं होतं, आणि खऱ्याला मी कधी नाही म्हटलं नाही.

पंधरवड्यानं शेठ पुन्हा हजर. पिनियन बसवूनही मैल कमीच पडत होते. मी मीटर तपासला, तार तपासली, दगडांवरून गाडी नेऊन पाहिली. मीटर चोख होता. मेव्हण्याचं काय चाललं होतं ते भांडी बाजारात सगळ्यांना माहीत होतं. पेट्रोल कोणाकडे जातं, डब्याला काय भाव मिळतो, त्या पैशांची चैन कुठं होते, तेही. मी शेठना जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं, की मीटरमध्ये दोष नाही.

“असणार,” शेठ म्हणाले. “घरचा माणूस आहे. आणखी एखादा दाता कमी करून द्या.”

मी म्हटलं, शेठ, मी आता दाता काढला तर मीटर खोटा होईल. आणि मग मला राहवलं नाही. विचारलं, “मग कासमचं काय?”

शेठ पायरीवर चपला घालत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा प्रश्न खरंच कळला नव्हता.

“त्याचं काय?” ते म्हणाले. “त्याच्या वेळी मीटर बरोबर होता.”